पडद्याच्या पलीकडचा गोल

माझं लग्न ज्या अकरा जागांमुळे जमलं, त्या जागा माझ्या नव्हत्या. मी त्या आधीच एका माणसाला शब्द देऊन राखून ठेवल्या होत्या. तो माणूस पलटणीतून परत आलेला हवालदार होता. त्याच्याविषयी लिहायला बसलो की मधे मधे मीच येतो. त्याला इलाज नाही.

लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी साताऱ्याच्या एका फिरत्या टॉकीजमध्ये मॅनेजर होतो. मॅनेजर हा शब्द ऐकायला मोठा. प्रत्यक्षात तंबूच्या दारात उभं राहायचं, माणसं बसवायची आणि विझलेले कंदील पेटवायचे. पावसाळा सरला की आमचा तंबू बैलगाड्यांवर चढायचा आणि वाईपासून मिरजेच्या पुढच्या दुष्काळी गावांपर्यंत, जत्रा असेल तिथे उतरायचा. त्या वर्षी मालकांनी हॉकीचा एक बोलपट आणला होता. गिरणीतल्या कामगारांचा एक संघ असतो, पायात बूट नसतात, साहेबांच्या संघाशी त्यांचा सामना ठरतो आणि शेवटच्या मिनिटाला त्यांचा कॅप्टन गोल मारतो. मधे सात गाणी होती आणि एक मालकाची मुलगी होती. आमच्या भागात कुस्तीखेरीज दुसरा खेळ माणसाला माहीत नव्हता, त्यामुळे चित्र फारसं चाललं नाही. ते फक्त हवालदारांसाठी चाललं.

पूर्वेकडच्या त्यांच्या खेड्यात तंबू ठोकला, त्या पहिल्याच दिवशी ते आले. खाकी कोट, धोतर, पायात पलटणीचे बूट. दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशी आले. मग आम्ही पुढच्या गावाला निघालो तर तिथे ते आमच्या आधी पोचले होते.

ते कधी बसत नसत. पडद्याजवळच्या पहिल्या खांबाला पाठ लावून उभे राहत. गाणं लागलं की बाहेर जाऊन विडी ओढत आणि चित्रात शिट्टी वाजली की आत येत. कुठलं गाणं किती लांब आहे हे त्यांना विडीच्या हिशेबानं पाठ होतं. एकदा मी विचारलं, "हवालदार, गाणी आवडत नाहीत का?"

"गाणी ब्येस हैत. पर ती बाई गिराउंडवर कशापाय येती? लाइनीच्या आत बाईमाणसाचं काय काम?"

"नायिका आहे ती."

"असंल. पर आफसाइड हाय."

आफसाइड हा त्यांचा जगाकडे बघायचा चष्मा होता. रस्त्यात म्हैस आडवी आली, ती आफसाइड. पंगतीत कुणी वाढप्याच्या आधी हात पुढे केला, तो आफसाइड. एका मयताला आम्ही दोघं गेलो होतो. तिथे खांदेकऱ्यांच्या पुढे धावणाऱ्या एका मेव्हण्याला त्यांनी कोपराला धरून मागे ओढलं आणि कानात तोच शब्द सांगितला. मेव्हणा रडता रडता गप्प मागे गेला.

चित्रातल्या कॅप्टनवर त्यांचा जीव होता. तो नट आहे, मुंबईला राहतो, त्याला हॉकी येत असेलच असं नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मानूस नट असंल म्यानेजर, मनगट नटाचं न्हाई." शेवटचा सामना लागला की त्यांच्या ओठांची हालचाल सुरू व्हायची. आम्हाला वाटायचं, ते संवाद म्हणत असतील. एकदा जवळ जाऊन ऐकलं तर ते खंडोबाचं नाव घेत होते.

"अहो, रोज तीच रिळं," मी म्हणालो. "रोज तोच गोल होतो. काळजी कसली करता?"

"काल झाला म्हून आज हुईल असं कवा असतंय व्हय? खेळ हाय गड्या त्यो."

ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. पण रंगात आले की मला गड्या म्हणायचे, आणि लगेच सावरून म्यानेजर.

आमची रिळं जुनी होती. वारंवार तुटायची. तुटली की ऑपरेटर खराब तुकडा कापून टाकी आणि दोन टोकं चिकटवी. प्रेक्षकांना पत्ता लागत नसे. एका संध्याकाळी खेळ संपल्यावर हवालदार माझ्यासमोर येऊन ताठ उभे राहिले आणि सलाम ठोकून म्हणाले, "रिपोर्ट हाय."

"काय झालं?"

"काल क्याप्टननं गोलाआदी आठ पावलं टाकली. आज सा टाकली. दोन पावलं कुटं गेली?"

ऑपरेटरनं ती दोन पावलं कचऱ्याच्या डब्यातून शोधून काढली. हवालदारांनी तो तुकडा उजेडाला धरून पाहिला, रुमालात बांधला आणि घेऊन गेले. त्यांच्या घरी देवाच्या फळीवर तो मी पुढे पाहिला.

आता जे सांगतो ते त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं. आता सांगून कुणाचं वाईट होणार नाही, म्हणून सांगतो.

हवालदार आयुष्यात हॉकी खेळले नव्हते.

गावात सगळ्यांची समजूत होती की हे पलटणीच्या संघातले नावाजलेले खेळाडू. उजव्या खांद्यात गोळी राहिल्यामुळे आता हात उचलत नाही, असं ते सांगत. खांदा धडधाकट होता. मी त्यांना त्याच हातानं बैलाला वेसण घालताना पाहिलं आहे. पलटणीत त्यांचं काम मैदान आखायचं होतं. चुन्याची फक्की घेऊन रेषा मारायच्या आणि सामना सुरू झाला की कडेला उभं राहायचं. "अकरा वरसं फक्की मारली," ते म्हणाले. "साहेब बी म्हनायचा, हवालदारच्या लाइनीसारकी लाइन न्हाई. पर येक दिवस बी कुनी म्हनलं न्हाई, ही घे स्टिक, मार येक." एवढं बोलून ते विडी शोधायला लागले. कोटाचे सगळे खिसे त्यांनी दोनदा तपासले. विडी कानावरच होती.

परत आल्यावर त्यांनी गावच्या गायरानावर फक्की मारली आणि संघ काढला. गावातली तरणी पोरं, सोळा-सतरापासून विशीपर्यंतची, कुणी शेतावर जाणारी, कुणी मेंढरामागे जाणारी. स्टिका कुठून आणायच्या? बाभळीच्या वाकड्या फांद्या तोडून, तासून, तेल पाजून तयार केल्या. चिंध्यांवर सुतळी गुंडाळून चेंडू केला. पोरं पळायला वाऱ्यासारखी होती. शिदू नावाचा एक धनगराचा पोरगा होता. त्याच्या काठीपाशी चेंडू आला की बाकीचे खेळ थांबवून बघत राहत.

एक गोष्ट मात्र हवालदारांना शिकवता येईना. हॉकीच्या खऱ्या स्टिकेला एक बाजू चपटी असते, एक गोल. चेंडूला चपटीच बाजू लागली पाहिजे, नाहीतर फाउल. त्यासाठी डावा हात वर, उजवा खाली, आणि सगळ्यांनी उजवंच खेळायचं. जगात डावखुरी स्टिक नाही. पण बाभळीची फांदी सगळीकडून गोल. तिला कुठून मारलं तरी चालतं. पोरं मनाला येईल तशी धरत. हवालदार ओरडत, "चपटी बाजू, चपटी बाजू," आणि पोरं विचारत, "ती कंची?" स्वतः धरून दाखवावी तर खांद्यातली गोळी आड यायची.

त्यात गायरानाचा प्रश्न निघाला. पाटलांना तिथे तांबडी माती टाकून आखाडा करायचा होता. चावडीवर बैठक बसली तेव्हा मी तिथेच होतो, कारण पुढच्या जत्रेला तंबूसाठी जागा मागायला गेलो होतो.

पाटील म्हणाले, "हवालदार, तुमी मोटं मानूस. पर ही खुरप्याएवडी काटी घिऊन वाकून वाकून पळायचं, ह्यात मर्दानी काय हाय? पोरांच्या कमरा मोडत्याल."

"पाटील, येक डाव सांगलीला चला. शेराच्या संघासंगं पोरं खेळत्याल. मग बोला."

"जितत्याल व्हय?"

हवालदार खोटं बोलत नसत. खांद्याची बाब सोडली तर. ते म्हणाले, "जितत न्हाईत. पर येक गोल मारत्याल."

"येक गोल मारला तर गायरान तुमचं," पाटील म्हणाले. "न्हाई मारला तर माती पडनार. मंजूर?"

"मंजूर."

सांगलीच्या एका खेळाच्या क्लबानं सामन्याला होकार दिला. खऱ्या स्टिकाही तेच देणार होते, पण सामन्याच्या वेळी. त्याच आठवड्यात आमचा तंबू सांगलीला होता. हवालदार माझ्याकडे आले. त्यांचा बेत साधा होता. आदल्या दिवशी संध्याकाळच्या पहिल्या खेळाला पोरांना आणायचं. पोरांनी तोवर ते चित्र पाहिलंच नव्हतं. गावात तंबू होता तेव्हा मेंढरं लांब चरायला गेली होती, ऊसतोड चालू होती.

"म्यानेजर, मला दावता येत न्हाई त्ये क्याप्टन दाविल. स्टिक कशी धरायची, अंग कसं वळवायचं. येक डाव बगितलं की पोरं उचलत्यात. फकस्त अकरा जागा म्होरं ठिवा. पडद्याजवळ."

मी म्हणालो, "ठेवल्या."

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता वाईहून बैलगाडी-मोटार-टांगा असा प्रवास करून माणसं आली. माझं स्थळ पाहायला. मुलीचे वडील, काका, दोन मामा, आत्या, आजी आणि बाकीचे. मुलगी आणली नव्हती, पण बाकी कोणाला मागे ठेवलंही नव्हतं. मुलगा तंबूत कामाला आहे, हा त्यांच्याकडचा मोठा आक्षेप होता. मुलाचा तिथे काय मान आहे ते पाहायला ते आले होते. मी मोजले. अकरा.

पुढच्या चटयांवर अकरा जागा रिकाम्या होत्या. बाकी तंबू भरला होता. सांगलीत आमचं नशीब उघडलं होतं. मुलीचे वडील त्या चटयांकडे बघून म्हणाले, "आमच्यासाठीच राखल्यात वाटतं?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच बोललो. त्यानंतर गेली पंचवीस वर्षं मी त्या एका अक्षराकडे परत परत जातो.

पोरं आली तेव्हा मी त्यांना तंबूला वळसा घालून मागच्या कनातीतून आत घेतलं आणि पडद्याच्या पलीकडे बसवलं. फिरत्या टॉकीजमध्ये पडदा म्हणजे पातळ पांढरं कापड. चित्र दोन्हीकडून दिसतं. पलीकडे अर्ध्या तिकिटाचे लोक बसत. तिथून अक्षरं उलटी दिसत, पण वाचता न येणाऱ्याला उलटी काय आणि सुलटी काय. शिवाय भोंगा त्याच बाजूला असल्यामुळे ऐकायला छान येई. माझ्या मनात इतकंच आलं, की पोरांना चित्र दिसल्याशी कारण.

हवालदार नेहमीप्रमाणे अंधार झाल्यावर आले आणि खांबाला टेकले. "पोरं बसली?"

"बसली. पडद्यापासून चार हातांवर."

हे खरं होतं. मी आयुष्यात बोललेल्या खोट्यांपैकी बरीचशी अशीच खरी आहेत.

खेळ सुटल्यावर हवालदारांनी पोरांना गाडीपाशी गाठलं. "बगितलं का नीट?" पोरं म्हणाली, "बगितलं." शिदू म्हणाला, "त्यो शेवटचा गोल ध्यानात बसला." हवालदार खूष झाले. माझी आजेसासू होणारी बाई पूर्ण चित्रभर झोपली होती. तीही खूष होती. तिनं उठल्या उठल्या स्थळ पसंत असल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामबागेतल्या मोकळ्या मैदानावर सामना होता. पाटील आठ-दहा गावकरी घेऊन आले होते. मीही गेलो. क्लबाच्या माणसानं खऱ्या स्टिका वाटल्या, पोरांनी त्या हातात घेतल्या.

अकराच्या अकरा जणांनी उजवा हात वर धरला होता आणि डावा खाली.

पडद्यामागून उजवं डावं होतं, हे मी रोज दहा वेळा पाहत होतो. माणसं हसतात, रडतात, त्यांच्या खिशाच्या बाजू बदलतात, कोणाचं काही बिघडत नाही. हॉकीत मात्र सगळं बिघडतं. चेंडूला गोल बाजू लागत होती आणि अंपायर शिट्टी वाजवत होता. पहिला अर्धा भाग म्हणजे नुसती शिट्टी. क्लबाच्या पोरांना पळावंही लागलं नाही.

हवालदार रेषेच्या बाहेर उभे राहून ओरडत होते, "आरं, चपटी बाजू. क्याप्टननं कशी धरलीती?"

"अश्शीच," पोरं म्हणायची, आणि आणखी घट्ट धरायची.

मध्यंतरात त्यांनी एकेकाचे हात धरून उलटे केले. त्या गडबडीत त्यांचा उजवा खांदा चांगला वरपर्यंत उचलला गेला. पाटलांनी ते पाहिलं. दुसऱ्या भागात पोरं अडखळत, हात आठवत खेळली. आम्ही किती गोल खाल्ले ते सांगत नाही. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा चेंडू शिदूपाशी आला. तो तिघांना चुकवून पुढे गेला. मग मी पाहिलं, की त्यानं हात बदलले. कॅप्टनसारखं अंग वळवलं, कॅप्टनसारखीच सहा पावलं टाकली, फक्त आरशात पाहिल्यासारखी, आणि मारलं. चेंडू जाळीत गेला. गावकऱ्यांनी फेटे उडवले. पाटीलसुद्धा उठून उभे राहिले.

अंपायरनं शिट्टी वाजवून गोल नाकारला. गोल बाजू.

हवालदार मैदानात गेले. मी त्यांना कधीही रेषेच्या आत पाय टाकताना पाहिलं नव्हतं. त्यांनी शिदूला विचारलं, "काल पिक्चर बगत हुतास का झोपला हुतास?"

"बगितलं तसंच मारलं," शिदू म्हणाला.

त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली. एकच. मग त्यांनी अकरा स्टिका गोळा करून मोजून क्लबाच्या माणसाला परत दिल्या.

मी पंधरा पावलांवर उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर पाटलांनी कदाचित ऐकलं असतं. पण त्याच संध्याकाळी सुपारी फुटायची होती, आणि जागा कुणाच्या होत्या हे सासऱ्यांपर्यंत गेलं असतं. मी क्लबाचा चहा प्यालो आणि तंबूत परत आलो.

गायरानावर माती पडली. हवालदार पुन्हा चित्राला आले नाहीत. पुढे ते चित्र विरून गेलं, रिळं मालकांनी परत पाठवली.

लग्न झाल्यावर मी ही हकीकत बायकोला सांगितली, आणि सांगतच राहिलो. तीन वर्षं तिनं ऐकून घेतलं. मग एके दिवशी भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "तुम्ही रोज त्या पोरांची हळहळ करता. ती पुढे बसली असती तर मी या घरात नसते. म्हणजे हळहळ नेमकी कशाची करता, ते एकदा ठरवा. नाहीतर जाऊन सांगून तरी या."

मी गेलो. हवालदार गोठ्यात होते. मला बघून म्हणाले, "म्यानेजर, वाळलासा." मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. वाईचे पाहुणे, कनात, पडद्याची पलीकडची बाजू. ते शिव्या देतील, मारतील असं वाटलं होतं. खरं सांगायचं तर माझी तशी इच्छाही होती.

त्यांनी म्हशीच्या पाठीवरचा कडबा झटकला. मग म्हणाले, "सगळी अकरा पलीकडं?"

"सगळी."

"म्हंजी पोरांनी बराबर बगितलं हुतं."

"हो."

"आन शिदूनं बगितलं तसंच मारलं."

त्यांनी कोट घातला, बूट चढवले आणि चालायला लागले. माझ्याशी त्यांचं काम संपलं होतं. मी मागोमाग गेलो. शिदू ओढ्याच्या पलीकडे मेंढरं चारत होता. आता भरदार गडी झाला होता, मिश्या आल्या होत्या. त्या दिवसापासून हवालदार त्याच्याशी बोलले नव्हते, हे मला वाटेत कळलं. बोलायला तोंड नव्हतं म्हणून नाही, पोरानं आपली शिकवण फुकट घालवली या रागानं.

हवालदार त्याच्यासमोर ताठ उभे राहिले. "शिदू, तुजा गोल बराबर हुता."

"व्हय. म्या तवाच म्हनलं हुतं."

"माझं चुकलं." त्यांनी टोपी काढून गाल पुढे केला. "घे. येक ठिवून दे."

शिदूनं त्यांच्याकडे पाहिलं, मग कळपाकडे. "नगं आवं. मेंढरं बुजत्याल."

हवालदार तसेच उभे. मग टोपी घालून म्हणाले, "पर गाढवा, तुमास्नी पडद्याच्या मागं बसीवलं हुतं, ह्ये मला येका शब्दानं सांगायचं न्हाईस?"

"आमास्नी काय म्हाईत?" शिदू म्हणाला. "आमाला वाटलं, मागं तुमीच हायसा."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा ते हसत होते, अगदी आवाज न करता, पोट धरून, आणि शिदू कशाला हसतात ते न कळून हसत होता. मग त्यानं कळप वळवला. हवालदार त्याच्या बरोबरीनं चालायला लागले, हात हवेत वळवून काहीतरी विचारत. शिदू काठी उलटी धरून दाखवत होता. मला कोणी चल म्हणालं नाही आणि जा असंही म्हणालं नाही. मी मेंढरांच्या मागून चालत राहिलो.